चोरलेलं परत करायचं, पण किती? बायबलमधला चोरीचा हिशेब

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीच्या कलमात एक नवी तरतूद आली. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांच्या आत असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा (कलम ३०३). वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की परत केलं म्हणजे सुटला का? आणि परत करायचं तर नेमकं किती?

या दुसऱ्या प्रश्नावर बायबलमध्ये थक्क व्हावं इतका बारीक विचार आहे. बायबल म्हटलं की ‘चोरी करू नको’ एवढी एक आज्ञा सगळ्यांना माहीत असते. तिच्यामागे जे कायदे येतात ते शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, सावकाराच्या रोजच्या व्यवहाराचे आहेत. त्यांत चोरीसाठी तुरुंगवास कुठेच नाही. आहे ती भरपाई, आणि तिचे वेगवेगळे दर.

पुढे ‘तोरा’ हा शब्द येईल. बायबलच्या जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. यहुदी आणि ख्रिस्ती दोघंही ती मानतात. कायदे मुख्यतः त्यांतल्या निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या पुस्तकांत आहेत.

आज्ञा सातवी की आठवी?

वसईच्या कॅथलिक घरात विचारलं तर ‘चोरी करू नको’ ही सातवी आज्ञा. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रॉटेस्टंट घरात विचारलं तर आठवी. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातही, म्हणजे यहुदी परंपरेत, आठवीच. मजकूर एकच आहे, आज्ञा मोजायची पद्धत वेगळी. कॅथलिक परंपरा ‘दुसरे देव नकोत’ आणि ‘मूर्ती करू नको’ या दोन्ही मिळून एक आज्ञा धरते आणि शेवटच्या ‘लोभ धरू नको’चे दोन भाग करते.

मूळ हिब्रूत ही आज्ञा दोनच शब्दांची आहे: लो तिग्नोव. यातलं क्रियापद गुपचूप उचलण्याचं. उघडपणे, जोर करून हिसकावण्याला तोरेत दुसरा शब्द आहे. दुसऱ्याचं देणं स्वतःकडे दाबून ठेवण्याला तिसरा. मजुराची मजुरी थकवणं या तिसऱ्यात बसतं. लेवीय १९:१३ मध्ये (म्हणजे एकोणिसाव्या अध्यायातल्या तेराव्या वचनात) हिसकावणं, दाबून ठेवणं आणि मजुरी रात्रभर अडकवणं ही तिन्ही एकाच वचनात लागोपाठ आहेत. ‘मी काही चोरलं नाही, फक्त द्यायचं राहिलं’ या सबबीला त्यामुळे जागाच उरत नाही.

आणखी एक गमतीचा वापर आहे. हिब्रूत ‘मन चोरणं’ म्हणजे फसवणं. मराठीत मन चोरलं की प्रेमाची गोष्ट सुरू होते. तिथे ते डोळ्यांत धूळ फेकणं ठरतं. दाविद राजाचा मुलगा अबशालोम वेशीजवळ उभा राहून लोकांना गोड बोलून आपल्याकडे वळवतो, तेव्हा हाच शब्दप्रयोग येतो (२ शमुवेल १५:६).

दुप्पट, चौपट, पाचपट: दर ठरतो कसा?

निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात दर आहेत. समजा, बैल चाळीस हजारांचा आहे.

चोर पकडला गेला आणि बैल त्याच्याकडे जिवंत सापडला, तर दुप्पट. म्हणजे तो बैल परत आणि वर एक बैल. मालकाला त्याचं जनावर मिळालं, चोराच्या खिशातून चाळीस हजार गेले. दुसऱ्याचं जेवढं घालवायला निघाला होता, नेमकं तेवढंच त्याचं गेलं.

बैल कापला किंवा विकला असेल तर पाचपट. म्हणजे दोन लाख. मेंढरू असेल तर चौपट.

आणि एखाद्याने दुसऱ्याची वस्तू दाबली, वर खोटी शपथही घेतली, पण पुढे स्वतःला दोष लागल्याचं जाणून कबूल झाला, तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा (लेवीय ६:१ ते ७). चाळीस हजार अधिक आठ हजार. हा सर्वांत हलका दर.

अठ्ठेचाळीस हजार ते दोन लाख, एवढा फरक एकाच बैलासाठी का? माल जिवंत हातात आहे तोवर चोराला परत फिरता येतं. तो कापला किंवा विकला की परतीची वाट त्याने स्वतःच बुजवली, पुरावाही नाहीसा केला. दर असे बांधले आहेत की चोराने कुठल्याही टप्प्यावर थांबून हिशेब केला तरी पुढे जाण्यापेक्षा मागे फिरणं स्वस्त पडावं.

बैलाला पाच आणि मेंढराला चार का, यावर यहुदी पंडितांनी बराच खल केला आहे. ताल्मुद, म्हणजे त्यांच्या चर्चांचा मोठा संग्रह, दोन उत्तरं देतो. रब्बी (यहुदी धर्मगुरू) मेईर म्हणतात, बैल कामाचं जनावर. तो गेला की मालकाची नांगरणी अडली, म्हणून जास्त. योहानान बेन झक्काई म्हणतात, बैल स्वतःच्या पायांनी चालत जातो, पण मेंढरू चोराला खांद्यावर टाकून पळावं लागतं. तेवढी शोभा झालीच, म्हणून एक पट सूट. पहिलं उत्तर शेतकऱ्याला पटेल. दुसऱ्यात चोराच्याही अब्रूचा विचार केला आहे, आणि मला तेच जास्त आवडतं.

शेजारच्या बाबिलोनशी तुलना केली की या दरांचं वेगळेपण दिसतं. हम्मुराबी राजाच्या कायद्यात (इसवी सनापूर्वी सुमारे १७५०) देवळाचं किंवा राजवाड्याचं जनावर चोरलं तर तीसपट, सामान्य माणसाचं चोरलं तर दहापट, आणि देता आलं नाही तर मरण. तोरेत मालक कोण, यावर दर बदलत नाही आणि मालमत्तेच्या चोरीला मरणाची शिक्षा नाही. ती आहे माणूस चोरण्याला, म्हणजे अपहरण करून विकण्याला (निर्गम २१:१६). दहा आज्ञांमधली ‘चोरी करू नको’ मुळात अपहरणाबद्दलच आहे, असंही ताल्मुदमधलं एक मत आहे, कारण तिच्या आगेमागे जिवावरच्या गुन्ह्यांची यादी आहे.

चोराचा जीवही हिशेबात धरलेला आहे. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे (निर्गम २२:२, ३). अंधारात समोरचा काय करायला आलाय ते कळत नाही. उजेडात कळतं, आरडाओरडा करता येतो.

मापात पाप

आपल्याकडचा हा शब्दप्रयोग बायबलमधल्या एका मोठ्या विषयाला जसाच्या तसा लागू पडतो. अनुवाद २५:१३ सांगतं की पिशवीत दोन प्रकारची वजनं, एक मोठं आणि एक लहान, ठेवू नका. मूळ शब्द ‘दगड’ असा आहे. कारण वजनं खरोखरच दगडाची असत. यहुदाच्या प्रदेशात उत्खननात चुनखडीची, वरून घुमटासारखी गोल आणि खाली सपाट अशी छोटी वजनं बरीच मिळाली आहेत. एक शेकेल म्हणजे साधारण ११.४ ग्रॅम.

आता जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आठव्या अध्यायातलं पाचवं वचन. व्यापारी म्हणतात, शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही धान्य कधी विकतो; एफा लहान करू, शेकेल मोठा करू. पहिल्या वाचनात हे कोडं वाटतं. एफा हे धान्य मोजायचं माप, अंदाजे २२ लिटरचं. नाणी तेव्हा नव्हती. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे तागडीत टाकत असे आणि दुसऱ्या पारड्यात दुकानदाराचा शेकेल असे. म्हणजे दुकानदार देताना लहान माप वापरतो आणि घेताना जड वजन.

आकडे घालून पाहू. समजा एफा २२ ऐवजी २० लिटरचा केला आणि शेकेल ११.४ ऐवजी १२ ग्रॅमचा. दोन्ही फरक नुसत्या डोळ्यांना कळणार नाहीत. पण गिऱ्हाइकाला प्रत्येक लिटरमागे जवळजवळ १६ टक्के जास्त चांदी मोजावी लागली, आणि बाजारात भाव तर एका पैनेही वाढला नाही. शिवाय पुढच्याच वचनात तिसरी युक्ती आहे: गव्हाबरोबर त्यातला गाळ, टाकाऊ भाग विकायचा. वजन, माप आणि भेसळ, तिन्ही एका श्वासात.

(शब्बाथ म्हणजे शनिवारची सक्तीची सुट्टी. कोकणात बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आमोसाच्या व्यापाऱ्याला तीच सुट्टी डोळ्यांत खुपत होती.)

अनुवादातल्या नियमाचा एक बारकावा सहज निसटतो. खोटं वजन वापरू नका, एवढंच तो सांगत नाही. पिशवीत ठेवूच नका, घरात दुसरं माप असूच देऊ नका, असं म्हणतो. हे व्यवहारी शहाणपण आहे. खोटं वजन हाताशी असलं की घाईच्या दिवशी, अडाणी गिऱ्हाइकासमोर ते बाहेर येतंच. आज आपल्याकडे दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो; तेव्हा तपासायला असा विभाग नव्हता. नीतिसूत्रे १६:११ म्हणतं, पिशवीतली सगळी वजनं परमेश्वराची आहेत.

बांध कोरणाऱ्याला शाप का?

शेजाऱ्याची हद्द सरकवू नका, हा नियम अनुवाद १९:१४ मध्ये आहे. बांध कोरणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. दरवर्षी नांगराचा एक तास पलीकडे. एका वर्षात काहीच दिसत नाही, पंधरा वर्षांत एक पांभर जाईल एवढी पट्टी गेलेली असते.

या गुन्ह्याला दुप्पट-चौपट असा दर दिलेला नाही. अनुवाद २७:१७ मध्ये दिला आहे तो शाप, आणि सगळ्या लोकांनी मिळून त्याला ‘आमेन’ म्हणायचं. कारण त्या अध्यायातले शाप बहुतेक अशा कृत्यांना आहेत जी साक्षीदाराविना होतात: गुप्तपणे मूर्ती ठेवणं, आंधळ्याला वाट चुकवणं, शेजाऱ्याला चोरून मारणं. पंच काय करणार? भूमापकही नव्हता. बैल चोरला तर गोठा रिकामा दिसतो, हद्दीचा दगड मात्र रात्रीतून कोपरभर सरकला तरी सकाळी तिथेच असल्यासारखा दिसतो.

राजालाही यात सूट नाही. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने बदल्यात चांगला मळा किंवा चांदी देऊ केली. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. तिथे राजाला गप्प बसावं लागलं, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करवला आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा एलिया संदेष्ट्याने त्याला मळ्यातच गाठून विचारलं: खून केलास आणि वर ताबाही घेतलास? (१ राजे २१)

उसनं आणलेलं, भाड्याने घेतलेलं, जपायला दिलेलं

चोरी नसते, पण वस्तू जाते. भांडणं इथेच जास्त होतात, आणि निर्गम २२ चा बराच भाग याच गोष्टींनी भरला आहे.

शेजाऱ्याने गावाला जाताना पैसे किंवा सामान तुमच्याकडे जपायला ठेवलं आणि ते चोरीला गेलं. चोर सापडला तर त्याने दुप्पट द्यायचं. नाही सापडला तर तुम्ही देवासमोर उभं राहून मी त्यात हात घातला नाही असं सांगायचं, की तुम्ही सुटलात. जपायला दिलेलं जनावर चोरीला गेलं तर मात्र भरून द्यायचं; रानटी जनावराने फाडलं तर फाडलेले अवशेष आणून दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. यहुदी परंपरा हा फरक असा उलगडते, की पहिला राखणदार फुकट जपतोय, दुसरा मेहनताना घेतोय.

उसनं आणलेलं जनावर मेलं किंवा जायबंदी झालं तर पूर्ण भरपाई. मालक सोबत असेल तर नाही. भाड्याने आणलेलं असेल तर नुकसान भाड्यातच आलं.

सूत्र एकच: फायदा कुणाचा? फुकट जपणाऱ्याचा काहीच फायदा नाही, त्याची जबाबदारी सर्वांत कमी. उसनवारी करणाऱ्याचा सगळा फायदा, म्हणून सगळी जबाबदारी त्याची. शेजाऱ्याची शिडी मागून आणली आणि तिची पायरी मोडली, तर ‘ती आधीच कच्ची होती’ हे म्हणण्याची सोय नाही.

आगीचा नियमही इथेच आहे. कोणी काटेरी झुडपं पेटवली, आग पसरली आणि दुसऱ्याच्या गंजी किंवा उभं पीक जळलं, तर पेटवणाऱ्याने भरून द्यायचं. ‘माझा तसा हेतू नव्हता’ याला किंमत नाही. भाजावळीच्या दिवसांत वारा बदलतो, आणि पालापाचोळा पेटवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं.

सापडलेली वस्तू, चुकून आलेले पैसे

अनुवाद २२:१ ते ३ चा नियम असा. भावाचा बैल, मेंढरू, गाढव किंवा वस्त्र सापडलं तर परत नेऊन दे. तो लांब राहत असेल किंवा कोण आहे ते माहीत नसेल, तर घरी आण आणि तो शोधत येईपर्यंत ठेव. आणि काणाडोळा करू नकोस. निर्गम २३:४ हेच वैऱ्याच्या बैलाबद्दल सांगतं, म्हणजे ‘त्याचं आहे होय, मग राहू दे’ हीही पळवाट बंद.

आज बैल रस्त्यात सापडत नाही, पण अनोळखी नंबरवरून यूपीआयने चुकून पैसे येतात. नियमाच्या पायऱ्या इथेही चालतात. रक्कम खर्च करायची नाही, बाजूला ठेवायची, बँकेला कळवायचं. समोरून फोन आला म्हणून घाईने दुसऱ्याच नंबरवर पाठवायची नाही, कारण त्यात फसवणूक असू शकते. बँकेमार्फतच परत करायची. आपला कायदाही फार वेगळा नाही. न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार मालक माहीत असताना किंवा शोधता येत असताना सापडलेली वस्तू स्वतःची म्हणून वापरणं हा गुन्हा आहे.

लेवीय ६ मध्येही, हरवलेली वस्तू सापडूनही ‘मला नाही मिळाली’ म्हणणं, हे लुबाडण्याच्या आणि ठेव गिळण्याच्या रांगेतच बसवलं आहे.

मग मालकाचा हक्क पक्काच का?

नाही, आणि हा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो. शेत तुमचं, पण कोपऱ्यांपर्यंत कापायचं नाही. पडलेली कणसं उचलायची नाहीत, विसरलेली पेंढी आणायला मागे जायचं नाही. ती गरिबाची, परक्याची, अनाथाची, विधवेची (लेवीय १९:९, १०, अनुवाद २४:१९ ते २१). मराठीत याला शब्द आहे: सरवा. बायबलमधली गरीब विधवा रूथ बोअज नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती या नियमाच्या जोरावर. पुढे यहुदी पंडितांनी कोपऱ्याचं किमान प्रमाणही ठरवलं: शेताचा साठावा भाग.

म्हणजे कोपऱ्यातलं पीक गरिबाने नेलं तर ती चोरी नाही. ते त्याच्यासाठी राखलेलंच आहे, शेतकऱ्याने त्याच्यावर उपकार केलेला नाही.

वाटसरूचा हक्क अनुवाद २३:२४, २५ मध्ये आहे. शेजाऱ्याच्या मळ्यात गेलास तर पोटभर द्राक्षं खा, टोपलीत घालू नकोस. उभ्या पिकात गेलास तर हाताने कणसं मोड, विळा लावू नकोस. हुरड्याच्या दिवसांत कणीस मोडून चोळून खाणाऱ्याला हे लगेच समजेल. मर्यादा कशाने ठरवली आहे पाहा: किती खाल्लं यावर नाही, हातात काय आहे यावर. भूक पोटापाशी थांबते. टोपली आली की साठवण आली.

येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडतात, तेव्हा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, त्यांना अडवतात (मार्क २:२३, २४). आक्षेप असतो तो शब्बाथाच्या दिवशी मोडलीत याचा. दुसऱ्याच्या शेतातली का मोडलीत, असं कोणी विचारत नाही.

तारण आणि मजुरी

कर्जदाराकडून तारण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही. दारात उभं राहायचं, तो आणून देईल (अनुवाद २४:१०, ११). जात्याचा खालचा किंवा वरचा दगड तारण घ्यायचा नाही, कारण ते घराचं पीठ आहे. गरिबाचं पांघरूण तारण असेल तर सूर्य मावळायच्या आत परत द्यायचं. मजुरी त्याच दिवशी, सूर्यास्ताआधी.

हे नियम पुस्तकातच राहिले का? १९६० मध्ये आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या एका छोट्या किल्ल्यात खापराचा एक तुकडा सापडला. त्यावर इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली, शाईने लिहिलेली एका कापणी मजुराची तक्रार आहे, तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून. त्यात तो म्हणतो की मी कापणी केली, धान्य कोठारात टाकलं, आणि तरीही होशयाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊबंद साक्ष देतील, माझं वस्त्र मला परत मिळावं. कायद्याचं वचन त्याने उद्धृत केलेलं नाही. पण काम पूर्ण केलं, साक्षीदार आहेत आणि वस्त्र परत हवं, ही त्याची मांडणी पाहिली तर त्याला आपला हक्क पुरता ठाऊक होता.

‘देवाने क्षमा केली, मग पैसे कशाला?’

हा सर्वांत मोठा गैरसमज. लेवीय ६ मधला क्रम बघा: आधी मालकाला मुद्दल आणि पाचवा हिस्सा, मग वेदीवर मेंढा. उलटा क्रम चालत नाही. येशूही हेच सांगतो: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३, २४).

यरीहोच्या जक्कयाची गोष्ट या दरांशिवाय वाचली तर अर्धीच कळते. तो जकातदारांचा प्रमुख. रोमी पद्धतीत कर वसुलीचा मक्ता दिला जाई आणि ठरल्यापेक्षा जास्त उकळलं की ते मक्तेदाराचं. उंबरावर चढलेला हा माणूस खाली उतरतो आणि म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो (लूक १९:८). कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि पाचवा हिस्सा पुरला असता. त्याने स्वतःला मेंढरू कापून खाणाऱ्या चोराचा दर लावून घेतला.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही चोरलेली वस्तू मूळ मालकाला परत करणं आवश्यक धरलं आहे, आणि चोरीच्या यादीत व्यापारातली फसवणूक, अन्याय्य मजुरी, खोटी बिलं, करचुकवेगिरी आणि वाईट केलेलं काम हेही आहे. पापनिवेदन केलं आणि पाकीट स्वतःकडेच ठेवलं, असं चालत नाही.

‘पहिले ख्रिस्ती तर सगळं सामायिक ठेवत’

ठेवत. प्रेषितांची कृत्ये ४:३२ तसं सांगतं. पण पुढच्याच अध्यायात हनन्या नावाचा माणूस जमीन विकतो, थोडे पैसे मागे ठेवतो आणि सगळे आणले असं भासवतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो: विकण्याआधी ती तुझीच नव्हती का? विकल्यावर पैसे तुझ्याच हाती नव्हते का? पैसे ठेवून घेतले याबद्दल पेत्राची तक्रार नाही. तक्रार आहे खोटेपणाची. सामायिक ठेवायचं ते स्वखुशीने.

‘पैसे नसतील तर चोराला विकायचं, हा कसला न्याय?’

निर्गम २२:३ मध्ये हे आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. भरपाई देता आली नाही तर चोराला चाकरीत विकलं जाई. निर्गम २१:२ प्रमाणे हिब्रू दासाची चाकरी सहा वर्षांची, सातव्या वर्षी सुटका. परक्या दासांना ही मुदत नव्हती (लेवीय २५:४४ ते ४६). लोभ धरू नको या आज्ञेत शेजाऱ्याचं घर, बायको, दास, बैल, गाढव अशी एकच यादी येते, हेही खरं. अनुवाद ५:२१ मध्ये बायकोला आधी आणि वेगळ्या क्रियापदाने घेतलं आहे. हे त्या काळचे कायदे आहेत. मालकाचं नुकसान भरून निघावं ही त्यांची दिशा आज पटते; माणूस विकून ते भरण्याची रीत पटायचं कारण नाही.

भुकेल्याबद्दल मात्र एक वचन वाचण्यासारखं आहे. नीतिसूत्रे ६:३०, ३१: भुकेपायी चोरी करणाऱ्याला लोक तुच्छ मानत नाहीत, तरी सापडला तर सातपट भरावं लागतं, घरातलं सगळं द्यावं लागतं. समजून घेतलं जातं, हिशेब मात्र माफ होत नाही.

‘मालक सापडतच नाही, मग परत कुणाला?’

मालक मेला असेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. नातलगही नसेल तर ती रक्कम परमेश्वराची, म्हणजे याजकाकडे (गणना ५:८). भरणाऱ्याकडे ती कुठल्याच परिस्थितीत राहत नाही.

पण ज्याने एकाला नव्हे, शेकडो अनोळखी माणसांना थोडं थोडं लुबाडलं, त्याचं काय? दुधात पाणी घालणारा, माप मारणारा, नाक्यावर दहा-वीस रुपये जास्त घेणारा. ताल्मुदने हा प्रश्न घेतला आहे, आणि उदाहरणं मेंढपाळ आणि जकातदार यांची दिली आहेत. दुसऱ्याच्या रानात चारणारा मेंढपाळ आणि जास्त उकळणारा जकातदार, दोघांनाही कुणाकुणाचं घेतलं ते आठवत नाही. उत्तर दोन भागांत आहे. जे आठवतात त्यांना त्यांच्या हातात परत द्या. उरलेल्या रकमेतून सगळ्यांच्या उपयोगाचं काही करा, आणि त्यासाठी नावं घेतली आहेत ती विहिरी, पाण्याचे चर आणि टाकी यांची. ज्या गावात माप मारलं त्याच गावात विहीर खणली, की फसवला गेलेला माणूस कधी ना कधी तिथे पाणी भरायला येणारच.